ठिसूळ पदार्थात स्पर्शाखाली वाढणारी भेग आणि तिचं सिम्युलेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय नेमका कशाचा आहे?

काच, सिरॅमिक, सिलिकॉन, खडक यांसारख्या ठिसूळ पदार्थावर एखादी कडक वस्तू दाबली, घासली किंवा आपटली की स्पर्शाच्या जागेपासून भेगा निघतात. त्या कुठून सुरू होतील, किती भाराला सुरू होतील, कोणत्या दिशेने वळतील आणि कुठे थांबतील, हे संगणकावर आधी काढता येतं का, हा प्रश्न. मोबाइलच्या पडद्यावरची काच, सिलिकॉन नायट्राइडच्या बेअरिंगमधल्या गोळ्या, दातावरचं सिरॅमिकचं आवरण, भिंगांचं घासकाम, खडक फोडणारी ड्रिलची टोकं या सगळ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

साध्या ओढीत तुटणाऱ्या पट्टीपेक्षा हे वेगळं का? भेग ती भेगच ना?

भेग तीच, पण ती ज्या प्रतिबलांच्या (पदार्थाच्या आत दर क्षेत्रफळावर येणाऱ्या बळांच्या) क्षेत्रात वाढते ते अगदी निराळं असतं. पट्टी दोन्ही टोकांनी ओढली तर तिच्यात सगळीकडे जवळपास सारखीच ओढ असते. भेग एकदा सुटली की तिला अडवणारं काही नसतं. स्पर्शाखाली मात्र बहुतेक भाग दाबाखाली असतो. ओढ सापडते ती स्पर्शवर्तुळाच्या कडेला, एका पातळ कातडीत. तिथून बाहेर जाताना पृष्ठभागावरची ही ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि खाली उतरताना तर त्याहून झपाट्याने ओसरते.

आकडे घालून पाहू. साध्या सोडा-लाइम काचेवर ५ मिमी त्रिज्येची पोलादी गोळी १००० न्यूटन भाराने दाबली. काचेचा यंग गुणांक (ताठपणाचं माप) ७० गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तर (लांबी ताणली की रुंदी किती आकसते त्याचं माप) ०.२२. हर्ट्झने १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या सूत्रांनी स्पर्शवर्तुळाची त्रिज्या सुमारे ०.४१ मिमी येते आणि सरासरी दाब १.९ गिगापास्कल. कडेची ओढ म्हणजे या सरासरी दाबाला (१ − २ × पॉयसन गुणोत्तर) ÷ २ ने गुणायचं. इथे ती सुमारे ५४० मेगापास्कल भरते.

आता हीच ५४० मेगापास्कल ओढ काचेच्या पट्टीवर एकसारखी लावली असती, तर अर्धा मायक्रॉन खोल ओरखडाही ती पट्टी मोडायला पुरला असता. गोळीच्या कडेला तेवढीच ओढ असूनही त्या ओरखड्यातून भेग वाढेलच असं सांगता येत नाही, कारण दोन पावलं खाली उतरताच तिला ओढणारं बळ संपतं. सर्वांत मोठं प्रतिबल किती, याच्या इतकंच ते किती लवकर ओसरतं यालाही इथे महत्त्व आहे. या पानावरची जवळपास प्रत्येक अडचण त्या एका गोष्टीतून निघते.

मग भेग केव्हा सुटणार हे ठरवायचं कसं?

ऊर्जेच्या हिशेबाने. ग्रिफिथने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या कामात काचेवरच हे दाखवलं: भेग थोडी वाढल्याने जी लवचीक ऊर्जा सुटते ती नवे पृष्ठभाग तयार करायला लागणाऱ्या ऊर्जेला पुरली, तर भेग वाढते. अर्विनने १९५७ मध्ये त्याला प्रतिबल तीव्रता गुणकाचं (भेगेच्या टोकाशी प्रतिबल किती एकवटतं ते सांगणाऱ्या आकड्याचं) रूप दिलं आणि अभियंत्यांना वापरायला सोपं साधन मिळालं. सोडा-लाइम काचेसाठी या गुणकाची मर्यादा, म्हणजे फ्रॅक्चर टफनेस, सुमारे ०.७५ मेगापास्कल वर्गमूळ मीटर असते. ऊर्जेत सांगायचं तर दर चौरस मीटर भेगेला साधारण ८ जूल.

स्पर्शाच्या बाबतीत ऊर्जेचा हिशेब किती आवश्यक आहे याचा पुरावा फार जुना आहे. आउअरबाखने १८९१ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की लहान गोळ्यांसाठी भेग पाडणारा भार गोळीच्या त्रिज्येच्या समप्रमाणात वाढतो. कमाल प्रतिबल ठरावीक मर्यादेला पोचलं की भेग पडते असं मानलं, तर हर्ट्झच्या सूत्रातून हा भार त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात यायला हवा. म्हणजे गोळी दुप्पट केली तर एक नियम दुप्पट भार सांगतो, दुसरा चौपट. प्रयोग दुप्पटच्या बाजूने उभा राहतो. सिम्युलेशनमध्ये पदार्थाचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडून त्यांचं जाळं (मेश) करतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कमाल प्रतिबल ओलांडलं की एलिमेंट उडवा’ असा पर्याय असेल आणि तुम्ही तोच वापरत असाल, तर या चाचणीत तो नापास होतो. रंगीत चित्र कितीही खरं वाटलं तरी.

कोणकोणत्या प्रकारच्या भेगा दिसायला हव्यात?

गोल आणि बोथट इंडेंटर (दाबणारी कडक वस्तू) असेल तर आधी स्पर्शवर्तुळाच्या किंचित बाहेर वलयाकार भेग आणि मग तिच्यापासून खाली पसरत जाणारा शंकू. सोडा-लाइम काचेत या शंकूची बाजू पृष्ठभागाशी साधारण २२ अंशांचा कोन करते, म्हणजे बरीच पसरट असते.

व्हिकर्ससारखं (चौकोनी पिरॅमिडच्या आकाराचं हिऱ्याचं) टोकदार इंडेंटर असेल तर टोकाखाली पदार्थ कायमचा दबतो आणि त्या दबलेल्या भागाभोवती भेगा निघतात: खाली जाणाऱ्या मध्य भेगा, कोपऱ्यांतून पृष्ठभागावर दिसणाऱ्या अरीय भेगा आणि पृष्ठभागाला जवळपास समांतर धावणाऱ्या आडव्या भेगा. या आडव्या भेगा बहुतांशी भार काढताना वाढतात, कारण तेव्हा दबलेला भाग आजूबाजूच्या लवचीक पदार्थाशी जुळत नाही आणि उरलेल्या प्रतिबलांनी कपचा वर उचलला जातो. भार लावण्यापर्यंतच सिम्युलेशन चालवून थांबलं तर या भेगा दिसणारच नाहीत. घासकामात साहित्य निघतं ते मुख्यतः यांच्यामुळे, तेव्हा भार काढण्याचा टप्पा कधीही गाळू नका.

भरड कणांच्या काही सिरॅमिकमध्ये शंकू दिसतच नाही. तिथे स्पर्शाखाली कणांच्या सीमांवर असंख्य सूक्ष्म भेगा विखरून तयार होतात. अशा पदार्थाला एकसंध ठिसूळ मानून काढलेलं उत्तर उपयोगाचं नाही.

सिम्युलेशनच्या कोणत्या पद्धती आहेत आणि मी कोणती घ्यावी?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. एकच पद्धत सगळीकडे चालते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

भेग कुठून निघते हे माहीत असेल आणि ती एकच असेल, तर जुनी पद्धत आजही उत्तम: भेग स्वतः मेशमध्ये घाला, टोकाशी राइसचा जे-इंटिग्रल (१९६८; भेग पुढे गेल्यावर किती ऊर्जा सुटेल ते देणारी राशी) काढा, दिशा ठरवा, भेग थोडी पुढे न्या, पुन्हा मेश करा. किंवा बेलिच्को आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये आणलेली विस्तारित एलिमेंट पद्धत वापरा, म्हणजे भेग एलिमेंटच्या पोटातून जाऊ शकते आणि मेश बदलावं लागत नाही. शंकू भेगेचा कोन काढायला मी आधी याच वाटेने जाईन. गणित हलकं असतं आणि प्रत्येक पावलाला ऊर्जामुक्ती दर हातात असतो.

भेगा अनेक असतील, फाटे फुटत असतील, तर फेज-फील्ड पद्धत. फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांनी १९९८ मध्ये ग्रिफिथचा विचार ऊर्जा किमान करण्याच्या रूपात मांडला आणि २००० मध्ये बूर्दँसह त्याला संगणकावर उतरवलं. यात भेग ही धारदार रेषा न राहता एक पट्टा होते. त्या पट्ट्यात ‘हानी’ नावाची राशी ० वरून १ पर्यंत जाते. भेगेचा माग ठेवायची डोकेदुखी जाते आणि बदल्यात पट्ट्याची रुंदी ठरवणाऱ्या लांबीची नवी डोकेदुखी येते. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

धडक, उडणारे तुकडे, चुरा असं काही असेल तर एलिमेंटच्या सीमांवर कोहेसिव्ह कायदा (सीमा उघडताना किती बळ लागतं त्याचा नियम) लावणं (कामाचो आणि ऑर्टिझ, १९९६ हा त्यातला टप्पा), सिलिंगची २०००ची पेरिडायनॅमिक्स (पदार्थाचे बिंदू जवळच्या बिंदूंशी तुटू शकणाऱ्या बंधांनी जोडणारी पद्धत) किंवा कंडॉल आणि स्ट्रॅक यांची १९७९ची कण पद्धत. कोहेसिव्ह एलिमेंटमध्ये भेग मेशच्या कडांवरूनच चालते, त्यामुळे २२ अंशांची पसरट शंकू भेग चौकोनी मेशमध्ये पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते आणि जास्त ऊर्जा खाते. मेश अनियमित ठेवा आणि निदान दोन वेगळ्या मेशवर चालवून पाहा.

फेज-फील्डमधली ती लांबी किती ठेवायची? सगळे वेगवेगळं सांगतात.

वेगवेगळं सांगतात कारण ती लांबी दोन कामं एकदम करते. एक, पट्ट्याची रुंदी. दोन, भेग नसलेल्या पदार्थाची ताकद. ‘एटी-१’ नावाच्या प्रचलित प्रारूपात ताकदीचा वर्ग = ३ × यंग गुणांक × फ्रॅक्चर ऊर्जा ÷ (८ × लांबी). काचेचे आकडे घालून ताकद १०० मेगापास्कल धरली तर लांबी सुमारे २१ मायक्रॉन येते. मेशचा एलिमेंट तिच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाचा हवा, म्हणजे ४ ते ५ मायक्रॉन.

आता वरचं उदाहरण पुन्हा घ्या. स्पर्शवर्तुळाची त्रिज्या ४१० मायक्रॉन, पट्ट्याची लांबी २१. प्रमाण एकास वीस. इथपर्यंत ठीक. पण गोळी ५ मिमीऐवजी १ मिमीची केली आणि दाब तेवढाच ठेवला (त्यासाठी भार ४० न्यूटन लागेल), तर स्पर्शाची त्रिज्या ८० मायक्रॉनवर येते आणि पट्टा तिच्या पाव हिश्शाचा होतो. कडेची ओढ ज्या पातळ कातडीत असते ती कातडी या पट्ट्याने पुसूनच टाकली. मग भेग उशिरा पडते, चुकीच्या जागी पडते किंवा पडतच नाही, आणि दोष मात्र पदार्थाच्या आकड्यांना दिला जातो.

लांबी कमी केली की ताकद वाढते, कारण सूत्र तेच आहे. खऱ्या काचेत अणूंचे बंध तुटण्याचा प्रदेश नॅनोमीटरच्या घरात असतो आणि बंधांची ताकद गिगापास्कलमध्ये. तिथपर्यंत मेश नेणं शक्य नाही आणि नेलं तरी खऱ्या पृष्ठभागावरचे ओरखडे त्यात नसल्याने भेग सुरूच होणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: भेग *सुरू* होण्याचा भार हवा असेल तर ओरखडा प्रारूपात उघडपणे घाला आणि लांबी ओरखड्यापेक्षा व स्पर्शाच्या त्रिज्येपेक्षा पुरेशी लहान ठेवा. लांबी फिरवून प्रयोगाचा भार जुळवून घेणं म्हणजे अंदाज वर्तवणं नव्हे. त्या एका गोळीसाठी आकडा जुळेल, पुढच्या गोळीला फसेल.

माझ्या प्रारूपात भेग कडेला न पडता गोळीच्या बरोबर खाली काळा डाग पडतो. का?

प्रारूपाला दाब आणि ओढ यांतला फरक शिकवलेला नाही म्हणून. हानी वाढवणारी ऊर्जा जर एकूण लवचीक ऊर्जा असेल, तर ती सर्वांत जास्त असते गोळीच्या खाली, दाबाच्या भागात. पदार्थ तिथे ‘फुटतो’, मऊ होतो, गोळी आत बुडते आणि पुढचं सगळं निरर्थक होतं.

उपाय म्हणजे ऊर्जेची विभागणी. आमोर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आकारमान बदल आणि आकार बदल अशी विभागणी केली. मीहे आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मुख्य विकृतींच्या चिन्हांनुसार, म्हणजे कोणत्या दिशेने ताण आहे आणि कोणत्या दिशेने आकसणं यानुसार, केली. पहिल्या विभागणीत दाबाखालची कातर (थर एकमेकांवर सरकवणारी) ऊर्जाही हानी करते, आणि गोळीखाली कातर भरपूर असते. त्यामुळे डाग फिका होतो पण जात नाही. स्पर्शाच्या प्रश्नात दुसरी विभागणी बरी पडते. तिचाही त्रास आहे: पूर्ण फुटलेली भेग तिरकी असेल तर तिच्या दोन बाजूंमध्ये थोडं बळ पोचत राहतं, जे खऱ्या भेगेत पोचणार नाही.

काही जण पृष्ठभागाजवळच्या भागात हानी बळजबरीने शून्य ठेवतात. स्पर्शाचं गणित स्थिर राहण्यासाठी ते कधी कधी करावं लागतं, पण केलं असेल तर अहवालात तसं लिहा. भेग तिथून सुरू झाली नाही याचं कारण मग भौतिकी नसतं, तुमची ती अट असते.

घर्षण धरायलाच हवं का?

हो. सरळ दाबतानाही, कारण पोलाद आणि काच यांचा कडकपणा वेगळा असल्याने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर किंचित सरकू पाहतात. घर्षण या सरकण्याला अडवतं, त्याने कडेची ओढ बदलते आणि भार काढताना घर्षणाची दिशा उलटते. वलयाकार भेग कडेच्या नेमकी किती बाहेर पडते यावर याचा परिणाम दिसतो.

सरकत्या गोळीत तर घर्षण म्हणजेच सगळं काही. हॅमिल्टन आणि गुडमन यांनी १९६६ मध्ये दिलेल्या उकलीनुसार ०.२२ पॉयसन गुणोत्तराच्या काचेवर घर्षण गुणांक केवळ ०.१ असला तरी गोळीच्या मागच्या कडेची ओढ जवळपास १.९ पट होते. गोळी पुढे सरकत जाते आणि मागे अर्धवट शंकूंची रांग पडत जाते. ०.१ हा काही मोठा आकडा नाही, चांगलं वंगण असलेल्या जोड्यांतही तो भेटतो. ‘घर्षण नगण्य मानलं’ असं एका ओळीत लिहून पुढे जाणारे अहवाल वाचताना म्हणूनच सावध राहा.

अक्ष-सममित (एका अक्षाभोवती सगळीकडे सारखं) द्विमितीय प्रारूप पुरेल का?

गोल इंडेंटर सरळ दाबत असाल तर सुरुवातीला तेच घ्या. २ मिमी × २ मिमी भाग ५ मायक्रॉनच्या एलिमेंटने भरला तर १,६०,००० एलिमेंट होतात आणि ते साध्या संगणकावर बसतात. त्याच बाजूचा त्रिमितीय घन घेतला तर ६.४ कोटी. म्हणूनच त्रिमितीत मेश फक्त भेगेच्या वाटेवर बारीक ठेवावं लागतं.

एक गोष्ट लक्षात असू द्या. सममित प्रारूपात वलय एकाच क्षणी सगळीकडून फुटतं. प्रत्यक्षात ते एका ओरखड्यातून सुरू होतं आणि दोन्ही बाजूंनी धावत जाऊन वर्तुळ पुरं करतं. शंकूची पुढची वाढ दोन्हींत सारखीच असते, सुरुवातीचा भार मात्र सारखा असेलच असं नाही. व्हिकर्ससाठी त्रिमितीला पर्याय नाही. सममितीचा फायदा घेऊन पाव किंवा अष्टमांश भाग घेता येतो.

भेग पडली की गणित कोसळतं, उकल सापडतच नाही. काय करावं?

भेग पडण्याचा तो क्षण खरोखरच अस्थिर असतो. वलय एका झटक्यात शंकू होतं आणि मग स्थिरावतं. भार वाढवत नेण्याऐवजी विस्थापन वाढवत न्या. पावलं लहान करा. हानी आणि विस्थापन आलटून पालटून सोडवत असाल तर प्रत्येक पावलात दोन्ही स्थिर होईपर्यंत फेऱ्या चालू द्या. एकाच फेरीवर समाधान मानलं की भेग प्रत्येक पावलात मागे पडते आणि अहवालात ‘सुंदर हळूहळू वाढ’ दिसते, जी तिथे नसतेच.

स्पष्ट गतिकी (एक्सप्लिसिट डायनॅमिक्स, म्हणजे लहान कालपावलांनी थेट पुढे जाणारी) पद्धत वापरली तर उकल कधी अडत नाही, पण तिची किंमत मोठी आहे. काचेत ध्वनितरंग सुमारे ५.७ किमी प्रतिसेकंद वेगाने जातो. ५ मायक्रॉनचा एलिमेंट तो एका नॅनोसेकंदापेक्षा कमी वेळात ओलांडतो, आणि कालपाऊल त्याहून मोठं घेता येत नाही. एका सेकंदाचा संथ दाब म्हणजे शंभर कोटींहून जास्त पावलं. मग लोक दाब वेगाने लावतात किंवा घनता फुगवतात. दोन्ही चालतं, गतिज ऊर्जा लवचीक ऊर्जेच्या मानाने अगदी थोडी राहिली तर. तो आलेख काढा आणि जोडा.

माझा आकडा प्रयोगापेक्षा नेहमी जास्त येतो. चूक कुठे असेल?

काच असेल तर आधी हवेतल्या पाण्याकडे बघा. भेगेच्या टोकाशी पाण्याचे रेणू बंध कमकुवत करतात आणि टफनेसच्या बऱ्याच खालीही भेग सावकाश सरकत राहते. वीडरहॉर्नने १९६७ मध्ये सोडा-लाइम काचेत आर्द्रतेनुसार हा वेग कसा बदलतो ते मोजलं. वेग प्रतिबल तीव्रतेच्या मोठ्या घातांकाने वाढतो, या काचेसाठी घातांक साधारण १६ ते २०. म्हणून भार एका सेकंदात लावला की दहा मिनिटांत, यानेही भेगेचा भार बदलतो. सिम्युलेशनमध्ये वेळच नसेल तर ते निर्वात जागेतल्या काचेचं उत्तर देतं आणि तुम्ही तुलना करता खोलीतल्या काचेशी.

पाण्यानंतर ओरखडे. प्रयोगातल्या काचेचा पृष्ठभाग घासलेला होता, कोरलेला होता की कारखान्यातून आला तसाच होता, हे माहीत नसेल तर भाराची तुलना करूच नका, भेगेच्या लांबीची करा.

म्हणजे उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायचं कसं?

क्रमाने जा. पहिलं, भेगेविना नुसता स्पर्श: त्रिज्या, दाब आणि कडेची ओढ हर्ट्झशी जुळते का. कडेची ओढ जुळवायला मेश अपेक्षेपेक्षा बरंच बारीक लागतं आणि बहुतेक प्रारूपं इथेच अडकतात.

मग वाढलेला शंकू. रोसलरने १९५६ मध्ये दाखवलं की चांगल्या वाढलेल्या शंकूसाठी भार ÷ भेगेच्या लांबीचा दीडवा घात हे गुणोत्तर स्थिर राहतं. भार आठपट केला तर लांबी चौपट व्हायला हवी. या वाढीवर सुरुवातीच्या ओरखड्याचा प्रभाव उरत नाही, म्हणून ही मला सगळ्यांत विश्वासू चाचणी वाटते.

मग कोन. भेग पडण्याआधीच्या प्रतिबलांच्या दिशा धरून शंकूची वाट काढली तर ती २२ अंशांपेक्षा बरीच उतरती येते. भेग वाढता वाढता तिच्या आजूबाजूचं क्षेत्र बदलतं, ते प्रत्येक पावलाला नव्याने काढलं तरच कोन जुळतो. तुमचं प्रारूप २२च्या आसपास येत असेल तर ते भेगेचा स्वतःचा परिणाम पकडतंय.

शेवटी आउअरबाख. तीन-चार त्रिज्यांच्या गोळ्या, बाकी काहीही न बदलता. इथे फेज-फील्डच्या लांबीचा आकडा फिरवून जुळवलेली प्रारूपं उघडी पडतात.

व्हिकर्सच्या भेगांवरून टफनेस काढता येते ना? मग तीच सिम्युलेशनला द्यावी का?

ॲन्स्टिस आणि सहकाऱ्यांचं १९८१चं सूत्र त्यासाठी सर्रास वापरलं जातं. त्यात ०.०१६ हा स्थिरांक आहे, आणि तो निवडक पदार्थांवर जुळवून घेतलेला आहे. क्विन आणि ब्रॅट यांनी २००७ मध्ये या पद्धतीवर सविस्तर टीका करून ती प्रमाणित टफनेस चाचणीची जागा घेऊ शकत नाही असं मांडलं. मला ते पटतं. पदार्थांची आपापसात ढोबळ तुलना करायला सूत्र ठीक आहे. सिम्युलेशनला द्यायचा आकडा खाच पाडलेल्या पट्टीच्या प्रमाणित चाचणीतून घ्या. व्हिकर्सच्या भेगा मग निकाल पडताळायला वापरता येतील. तोच आकडा आत घालून त्याच भेगा बाहेर काढल्या तर काहीच तपासलं जात नाही.

सुरुवात करायला कोणतं सॉफ्टवेअर?

अबॅकसमध्ये स्पर्श, कोहेसिव्ह एलिमेंट आणि विस्तारित एलिमेंट तयार मिळतात. मुक्त पर्यायांत फेज-फील्डसाठी फेनिक्स आणि मूस, स्पर्श व कोहेसिव्ह एलिमेंटसाठी अकांतू, कणांसाठी लॅम्प्स. फेनिक्समध्ये ऊर्जेचं समीकरण जवळपास कागदावर लिहितो तसंच लिहिता येतं, त्यामुळे विभागणी बदलून पाहणं सोपं जातं. स्पर्शाची अट मात्र स्वतः लिहावी लागते. कडक गोळी धरून पेनल्टी पद्धतीने (गोळी काचेत घुसू पाहील तितकं मागे ढकलणारं बळ लावून) सुरुवात करा, आणि पेनल्टीचा आकडा दहापट करून कडेची ओढ बदलते का ते पाहिल्याशिवाय भेगेला हात लावू नका.